एकशे चौदा नंबरची टेप

"मावशी, पुरे आता. सकाळपासून तिसरं कपाट उपसताय," नवी संशोधक म्हणाली.

"एकच टेप हवीय गं. एकशे चौदा नंबर."

"कोणाची?"

"माझ्या आईची."

देशोधडीला लागलेल्या समाजांचा आमच्या विभागात अभ्यास चालतो. इथे माणसांना नावं नसतात, नंबर असतात. सरांनी मुलाखती घ्यायच्या, मी त्या ऐकून टाइप करायच्या. सव्वीस वर्षांत कान आणि कंबर दोन्ही कामातून गेली. आम्हीही त्यांतलेच, नातेवाईक पाच देशांत पांगलेले, म्हणून सरांनी एकदा आईलाच बोलावलं होतं. तिला जाऊन आता दोन महिने झाले. घरात फोटो ढीगभर आहेत, आवाज कुठेच नाही.

सर चहाचा कप घेऊन दारात आले. "अहो बाई, ती टेप कुठून असणार? टाइप झालं की त्याच टेपवर पुढची मुलाखत घ्यायचो आपण. तुम्हीच तर पुसून द्यायचात."

मला ठाऊक होतं ते. तरी एखादी चुकून राहिली असेल, असं वाटत होतं. आशा मेली चिवट.

मग निदान कागद तरी बघावे म्हणून फाइल काढली. सोळा पानं. गाव कधी सोडलं, बोटीत कितीजण होते, नवी भाषा कशी शिकलात. आईची उत्तरं तुटक, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी. नवव्या पानावर सरांचा प्रश्न होता, मुलांना जुन्या गावाबद्दल काय सांगता? खाली कंसात मीच टाइप केलेलं: 'विषयांतर. मुलीबद्दल बोलतात. सहा मिनिटं.'

विषय सोडून बोललेलं टाइप करायचं नाही, असा नियम होता. आणि मी नियमाची पक्की!

"काय म्हणाल्या होत्या त्या?" पोरीने हळूच विचारलं.

"आठवत नाही गं. 'आटप ना आई' असं मी मनात म्हटलं होतं, तेवढं आठवतं."

मला रडू आलं. पोरीने पाणी आणून दिलं. मग मी फाइल जागेवर ठेवली आणि हेडफोन लावला, कारण पोरीने काल घेतलेली मुलाखत टाइप करायची बाकी होती. कुणी आजीबाई बोलत होत्या. बोटीचं सांगता सांगता त्या सुनेच्या गुडघेदुखीवर घसरल्या.

पोरगी संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "मावशी, हे गाळायचं असतं ना?"

"असू दे," मी म्हटलं, आणि सगळं टाइप केलं. मध्ये आलेला खोकलासुद्धा.