मुक्या घंटेचा दोर

देवाशी भांडायचं तर तोंडावर भांडावं, हा असला अबोला मोठीबाईला मुळीच खपत नव्हता. तिचा लेक चर्चचा घंटावाला. रस्ता ओलांडला की मनोरा, पण वर्षभरात त्याने तिकडे मान वळवली नव्हती. जेवायला बसला तरी पाठ खिडकीकडे. रविवारी सगळी गल्ली प्रार्थनेला जायची आणि हा एवढा थोरला बाप्या न्हाणीघरात नळ सोडून बसायचा, म्हणजे गाणी कानावर पडायला नकोत.

"रुसलेल्या जावयासारखा बसतोस," ती म्हणायची. "देवाने येऊन मनधरणी करायची की काय तुझी?"

कारण तिला ठाऊक नव्हतं असं नाही. कुणी गेलं की त्या घराच्या खिडकीतून पांढरी चादर सोडायची आणि ती पाहून घंटावाल्याने संथ घंटा द्यायची, अशी तिथली जुनी पद्धत. सून आजारी होती. नर्सने तिची बदललेली चादर धुतली आणि दुसरीकडे जागा नव्हती म्हणून खिडकीत वाळत टाकली. मनोऱ्यातून लेकाने ती पाहिली आणि रडत रडत आपल्याच बायकोची घंटा दिली.

सून जागी होती. तिने विचारलं, "आई, कोण गेलं हो?"

जन्मात कधी न अडखळलेली मोठीबाईची जीभ तेव्हा टाळूला चिकटली. दिवेलागणीला सून खरंच गेली. पुन्हा चादर सोडायची कुणाची छाती झाली नाही.

"देवाने तिला माझ्या हातून बोलावून नेलं," एवढंच लेक म्हणाला आणि त्याने दोर सोडला तो सोडलाच. ते काम करायला दुसरं कुणी पुढे येईना. घंटा मुकी झाली.

आणि आता ती आपोआप वाजू लागली होती.

मोठ्याने नाही. भर दुपारी, पान हलत नसताना, एकच टोला. भिंतीपलीकडून कुणी हळूच हाक मारावी तसा. मनोऱ्याला कुलूप, किल्ली मोठीबाईच्या कमरेला. पाळकांनी तिच्याकडून किल्ली नेऊन आत पाहिलं, तर कुणी नाही. सूनच परत आलीये, अशी कुजबुज गल्लीतल्या बायकांनी सुरू केली.

"माझी सून असती तर आधी घरात येऊन माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवून गेली असती," मोठीबाईने त्यांना उडवून लावलं. पण टोला पडला की लेकाच्या हातातली वाटाण्याची शेंग तशीच राहायची आणि त्याच्या तोंडावरचं रक्त उतरायचं, ते तिला दिसत होतं.

त्या दुपारी टोला पडला तशी ती उठली. "चल."

"मी नाही येणार."

"मग बस सोलत. तेवढंच जमतंय."

मनोऱ्याचं दार उघडलं तेव्हा आतल्या गारव्याने तिच्या अंगावर काटा आला. दोर मधोमध लोंबत होता आणि हलत होता. झुलत नव्हता, वर-खाली, वर-खाली, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

"कोण आहे रे तिकडे?" तिने दरडावलं. आवाज वर गेला आणि परत आलाच नाही.

पाय मागे सरत होते, पण घाबरून पळायची तिला सवय नव्हती. तिने दोर धरला. तो ऊबदार होता, ओलसरही. तिने सगळं बळ लावून ओढलं, पण घंटेचं वजन तिच्या हातांत आलंच नाही. तिच्या मुठींच्या जरा वर आणखी कुणीतरी धरून होतं. ती पकड आवळली गेलेली तिला दोरातून कळली. घंटा घुमली.

तिने हात सोडले. तळवे लाल झाले होते. अंगठ्याने घासून पाहिलं, कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"आई!" लेक धावत दारापर्यंत आला आणि तिथेच थबकला. "लागलं तुला?"

"माझं नव्हे ते. माझ्या अंगात या वयात रक्त कमी, रागच जास्त."

तो हलत्या दोराकडे बघत राहिला. "ती आहे का आत?"

"ती सुखात आहे. ती कशाला घंटा ओढत बसेल?"

"मग कोण?"

मोठीबाईने बोट दाखवलं. दोरावर, घंटावाल्याच्या मुठी येतात नेमक्या त्या जागी, दोन डाग होते. ताजे. जिथे माणसाच्या तळहाताचा मधला भाग येतो, तिथे सगळ्यात गडद.

लेकाने एक पाय आत टाकला.

"माझ्या हातून परत चुकलं तर, आई?"

"चुकेल. माणसाचा हात आहे, चुकणारच," ती म्हणाली. "वर्षभर तू देवाकडे पाठ करून बसलास आणि तुझी पाळी तो भरतोय, क्रुसाच्या खिळ्यांनी फाटलेल्या हातांनी. तुझी जागा कुणाला दिली नाही. मी असते तर पहिल्याच आठवड्यात तुला हाकललं असतं. पण तो माझ्यासारखा नाही, ही तुझ्यावर कृपा आहे, गाढवा. दुसरा पायही आत घे आणि धर तो दोर. त्याचे हात दुखत असतील."