शेपटी तिथं नव्हतीच

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी माझ्या नवऱ्यानं, एन्नोनं, बार्टेलच्या पेटीची काच सरकवून बंद केली, खटका लावला आणि हात धुऊन चहाला येऊन बसला. मी कपात खडीसाखर टाकली, वर चहा ओतला, कडेनं साय सोडली. इथं उत्तर जर्मनीत, एम्डेनमध्ये, तीन कप झाल्याशिवाय कुणी चहावरून उठत नाही, त्यामुळे अर्धा तास सहज गेला. मग कपबश्या उचलताना माझी नजर पेटीकडे गेली.

बार्टेल काळा पडला होता.

बार्टेल म्हणजे आमचा शॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा. वीतभर अंग आणि तेवढीच शेपटी. एन्नो बंदरावरून निवृत्त झाला त्या वर्षी त्यानं तो आणला, त्याला आता पाच वर्षं झाली. एरवी पानासारखा हिरवा, अंगावर पिवळे पट्टे. आता तो कोळशासारखा दिसत होता, तोंड वासून फांदीला चारी पायांनी चिकटला होता आणि पुढे ओढ घेत होता. त्याला सरकता येत नव्हतं, कारण शेपटीचं बोटभर टोक काच आणि चौकट यांच्यामध्ये अडकलं होतं.

मी खटका काढला. शेपटी सुटली, पण टोक चपटं झालेलं, कागदासारखं.

"एन्नो, काय केलंस हे?"

तो उठून आला. वाकून बघितलं, त्याचा चेहरा उतरला. "मी नाही केलं."

"काच कुणी लावली मग?"

"मीच लावली. पण शेपटी तिथं नव्हतीच. बघूनच लावली ना मी."

बेचाळीस वर्षांच्या संसारात एन्नो माझ्याशी खोटं बोलला नाही असं नाही, पण खोटं बोलताना तो कान खाजवतो. त्या वेळी त्याचे दोन्ही हात पेटीवर टेकलेले होते. एकतीस वर्षं ह्या माणसानं बंदरावर क्रेन चालवली होती. एवढाल्या पेट्या बोटीत उतरवताना कधी कुणाचं नख दुखावलं नाही, हे तो पाहुण्यांना आवर्जून सांगायचा. असा माणूस काच लावताना समोरची शेपटी बघत नाही? मला ते पटेना. पण तो खोटं बोलतोय, हे तर मला त्याहून पटेना.

पालीची शेपटी तुटते आणि पुन्हा येते. शॅमेलिऑनची येत नाही. ती त्याचा पाचवा हात असते, फांदीला वेटोळं घालून तो तिच्यावर सगळा भार टाकतो. आम्ही कोमट पाण्यानं जखम धुतली, पातळ केलेलं आयोडीन कापसानं लावलं, खायला सोडलेले नाकतोडे पेटीतून वेचून काढले, कारण ते जखम कुरतडतात. खालच्या फांद्या तेवढ्या ठेवल्या, उंचावरून पडू नये म्हणून. एन्नोचे हात थरथरत नव्हते. मी मुद्दाम बघितलं.

सोमवारी जवळच्या लेअर गावी गेलो. सरपटणाऱ्या प्राण्यांना बघणारी डॉक्टर आमच्याकडे तिथंच मिळते. एन्नो गाडीतच बसून राहिला. "तिला काय सांगू, मीच चिरडली म्हणून? तू जा."

डॉक्टर ब्रूनिंग आमच्या मुलीच्या वयाची. तिनं भिंगातून शेपटी पाहिली, दुखणं कमी करणारं औषध दिलं. "टोक वाचणार नाही," ती म्हणाली. "पण किती मेलंय ते आज कळत नाही. रोज सकाळी पट्टी लावून काळा भाग मोजा. वाळून तिथंच थांबला तर बरं. वर चढायला लागला तर वाट बघू नका, घेऊन या. कापावी लागेल."

परतताना एन्नोनं गाडी आमच्याच फाटकाच्या खांबाला घासली. डाव्या बाजूचा आरसा गेला.

"तो खांब तीस वर्षं तिथंच आहे," मी म्हटलं.

"तुझी जीभसुद्धा," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो.

मंगळवारी काळा भाग तीन सेंटिमीटर होता. बुधवारी साडेतीन.

मोजायचं काम माझं. एन्नो बार्टेलला हातावर धरून उभा राहायचा आणि मी पट्टी लावायची. रंग रोज थोडा पुढे गेलेला असायचा, टीपकागदावर शाई चढते तसा. बार्टेल खात नव्हता. त्याचा एक डोळा माझ्याकडे आणि एक एन्नोकडे असायचा.

बुधवारीच जेवताना एन्नो म्हणाला, "हल्ली वाढताना हात आखडता घेतेस तू."

मी त्याच्या ताटाकडे पाहिलं. उजवीकडची कोबीची भाजी संपली होती. डाव्या बाजूचे बटाटे आणि सॉसेज जसेच्या तसे होते. अर्धं ताट चाटूनपुसून, अर्धं न शिवलेलं, मधे सुरीनं आखल्यासारखी रेघ.

"आणि हे काय आहे?" मी विचारलं.

त्यानं मान वळवली. "हां. आहेत की," म्हणाला आणि खाऊ लागला.

माणूस म्हातारा होतो, लक्ष नसतं, सरड्याचं मनाला लागलंय त्याच्या. स्वतःची समजूत घालायला मला कारणं कमी पडली नाहीत. गुरुवारी त्याच्या डाव्या गालावर दाढीचे खुंट तसेच राहिले होते. मी सांगितलं, त्यानं गालावरून हात फिरवला, पुन्हा न्हाणीघरात गेला. तो आत असताना मी स्वयंपाकघरात उगाच भांडी पुसत उभी राहिले. पुसलेलीच पुन्हा पुसत होते.

शुक्रवारी काळा भाग साडेचार सेंटिमीटर झाला, आणि त्याच्या वरची शेपटी सुजली होती. मी डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, लगेच निघा.

बार्टेलला मी खोक्यात ठेवलं, खाली गरम पाण्याची पिशवी, वर टॉवेल, आणि खोकं मांडीवर घेऊन बसले. गाडी एन्नोनं घेतली. मी चालवू का म्हणून विचारलं होतं. "रस्ता मला पाठ आहे," तो म्हणाला. धुकं नव्हतं. भर सकाळ, सपाट मैदान, लांबपर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं. म्हणून तर ती बाई मला कितीतरी आधीपासून दिसत होती. डावीकडच्या वाटेनं सायकलवरून येत होती, लाल रेनकोट, मागच्या आसनावर लहान मूल. वाट तिची होती, आम्हीच थांबायला हवं होतं. मला वाटलं, आता एन्नो वेग कमी करील. मग वाटलं, आता करील. तो शीळ घालत होता.

"एन्नो, थांब!"

त्यानं ब्रेक दाबला. खोकं माझ्या हातून सुटून पायाशी आदळलं. सायकल बोनेटच्या हातभर पुढून गेली. ती बाई पाय टेकवून उभी राहिली, मागे वळून मुलाची टोपी नीट केली.

"कुठून आली ही?" एन्नोनं विचारलं.

त्याचा आवाज अगदी साधा होता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला.

मी खाली उतरले, वळसा घालून त्याच्या दारापाशी गेले. "उतर. किल्ली दे."

"चूक झाली. होते कुणाचीही."

"किल्ली दे, एन्नो."

"मी काय आंधळा झालोय का?"

हात पुढे करून उभी राहिले. मागे एक ट्रक येऊन थांबला, त्यानं भोंगा वाजवला. मग एन्नोनं किल्ली काढून दिली आणि पलीकडे जाऊन बसला. लेअर येईपर्यंत त्यानं खोकं छातीशी धरलं होतं.

डॉक्टर ब्रूनिंगनं बार्टेलला भूल दिली आणि सुजेच्या वर, चांगल्या भागातून शेपटी कापली. आम्ही बाहेर बसलो. तासाभरानं तिनं आत बोलावलं. बार्टेल दिव्याखाली निजला होता, शेपटी जेमतेम निम्मी उरलेली, टोकाला तीन टाके.

"हे औषध रोज एक थेंब, तोंडात," तिनं एन्नोला सांगितलं. "बाटली इथं आहे, घ्या."

बाटली टेबलावर होती, त्याच्या डाव्या कोपराशी. एन्नो टेबलावर बघू लागला. उजवीकडे पाहिलं, तिच्या हातात पाहिलं, खिसे चाचपले. "दिलीत का तुम्ही?"

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागली. मी खाली पाहिलं.

तिनं खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. "हार्म्ससाहेब, जरा माझ्या नाकाकडे बघा. मान हलवू नका. मी बोटं हलवली की सांगा."

"मला काय शेपटी आहे का, मला तपासताय ते?" तो हसला.

"गंमत म्हणून करू."

तिनं दोन्ही हात वर धरले. त्याच्या उजवीकडची बोटं हलवली. "हलली," तो म्हणाला. मग डावीकडची हलवली. ती हलवत राहिली. तो तिच्या नाकाकडे बघत वाट पाहत बसला, परीक्षेला बसलेल्या शहाण्या मुलासारखा.

"हलवा की," तो म्हणाला.

तिनं हात खाली घेतले. "मी जनावरांची डॉक्टर आहे, माझं म्हणणं शेवटचं समजू नका. पण तुम्ही आत्ता घरी जायचं नाही. इथून सरळ इस्पितळात जायचं. मी फोन करते. सरडा आज माझ्याकडे राहू दे."

इस्पितळात त्यांनी त्याच्या मेंदूचे फोटो काढले. उजव्या बाजूला, अगदी मागे, रक्ताची गाठ अडकून एक तुकडा मेला होता. दोन-तीन आठवडे तरी झाले असावेत, ते म्हणाले. डोळे धडधाकट होते, पण दोन्ही डोळ्यांना डावीकडचं अर्धं जग दिसत नव्हतं. अंधारसुद्धा दिसत नव्हता तिथं, म्हणून त्याला काही कमी आहे असं वाटलंच नाही. त्याच्या हृदयाचे ठोके चुकत होते आणि गाठ तिथून सुटली होती. दुसरी सुटू नये म्हणून औषध सुरू केलं. सुटणार नाही असं कुणी म्हणालं नाही.

संध्याकाळी मी त्याच्या पलंगाशी बसले होते. त्यानं बराच वेळ छताकडे बघितलं. मग नर्स आली तेव्हा तिला विचारलं, "माझी बायको घरी गेली का?"

मी दोन हातांवर होते. डाव्या बाजूला.

नर्सनं मला खूण केली. मी खुर्ची उचलली, पलंगाला वळसा घालून उजवीकडे आले. त्याचा चेहरा खुलला. "आलीस होय. बार्टेलला दुखत असेल का गं?"

"नाही," मी म्हटलं. "झोपलाय तो."

बार्टेल बारा दिवसांनी घरी आला. पहिल्या आठवड्यात दोनदा पडला, मग पायांनीच घट्ट धरायला शिकला, आणि जानेवारीत पुन्हा हिरवा झाला. एन्नोची नजर परत आली नाही. गाडी विकली. मान वळवून बघायची सवय त्याला लावली आहे, आणि पेटीची काच आता मीच लावते. तो शेजारी उभा राहून बार्टेलला चिमट्यानं नाकतोडे भरवतो आणि त्याच्याशी काहीबाही बोलत असतो. मधेच त्याचं बोलणं थांबतं. तेव्हा मी हातातलं टाकून दारापर्यंत जाते, तो उभा आहे ना ते बघते आणि त्याला कळायच्या आत मागे फिरते.