सोमवारचं तीर्थ

विष्णुपुरीतल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना एकवेळ प्राचार्यांचं नाव आठवायचं नाही, पण मंजुषाबाईंची खानावळ कुणीही डोळे झाकून दाखवील. या बाईंच्या वरणात जन्मात कधी खडा लागला नाही, आणि सोनोग्राफीत बघावं तर पित्ताशयात हरभऱ्याएवढे खडे!

कळ आली की त्या ओटा धरून उभ्या राहायच्या, ओसरली की पुन्हा भाकरी थापायला लागायच्या. मागच्या महिन्यात तर दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरल्या. म्हणे, "पोरांच्या परीक्षा हायत."

"आता टाळू नका," डॉक्टरांनी बजावलं. "खडा नळीत अडकला तर जिवावर बेतेल."

मग त्यांच्या अकरावीतल्या लेकीनेच, सृष्टीने, कंबर कसली. अप्पांना खानावळ सोपवली, अव्वाला, म्हणजे आईला, रिक्षात बसवलं आणि नांदेडला दाखल करूनच दम घेतला. आता एकच धास्ती होती, अव्वा पुन्हा पळते की काय!

ऑपरेशनचा दिवस उजाडला, तो सोमवार. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असं सिस्टरने निक्षून सांगितलं होतं. भूल देणाऱ्या मॅडम आल्या. "काही खाल्लं, प्यालात?"

"न्हाई ओ. कडकडीत उपास," अव्वा ठसक्यात म्हणाली.

सृष्टीने चमकून आईकडे पाहिलं. पहाटे अर्धवट झोपेत तिने पाहिलं होतं. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन अव्वा पूजेला बसली होती. सोमवार म्हणून थर्मासमधलं चहाचं दूध लिंगावर वाहिलं आणि तीर्थ म्हणून वाटीतून पिऊनही टाकलं. अव्वा खोटं बोलत नव्हती. तीर्थ घेणं म्हणजे खाणंपिणं, हे तिच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

सांगितलं तर ऑपरेशन पुढे जाणार, आणि अव्वा निघून जाणार. नाही सांगितलं तर?

"मॅडम, ती दूध प्यायलीय," सृष्टी म्हणाली. एका दमात.

"सृष्टे! ते तीर्थ हाय गं!"

"मावशी, भुलीत दूध वर आलं तर फुप्फुसात जातं," मॅडम म्हणाल्या. "आता दुपारीच."

त्या दुसऱ्या वॉर्डात गेल्या. अव्वाचा चेहरा लालबुंद. "चार लोकांत आईचं तीर्थ काढलंस व्हय? लई शहाणी झालीस." तिने पिशवी ओढली, चपलेत पाय घातला. झालं, निघाली! सृष्टीला रडूच फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून हिमायतनगरच्या पारूबाईंना स्ट्रेचरवर घेतलं. त्यांचंही खड्यांचंच ऑपरेशन होतं. स्ट्रेचर दारापर्यंत गेलं आणि अव्वाच्या हातातली पिशवी धप्पकन खाली पडली.

"थांबा! थांबा ओ!" पोट धरून ती धावली आणि तिने स्ट्रेचरची दांडी पकडली. "ह्यांना आत नेऊ नका. पहाटं मीच तीर्थ दिलंय ह्यांना, वाटीतलं अर्धं. दूध हाय त्यात. माझी चूक हाय."

सगळा वॉर्ड बघत राहिला. सिस्टरने कपाळावर हात मारून घेतला. "काय बाई तुम्ही! आधी सांगायचं नाही का?"

"कळलंच न्हाई मला. आता पोरीनं सांगितल्यावर कळलं."

सृष्टी थक्कच झाली. तिने आईची चूक सांगितली ती आईच्या जिवासाठी. अव्वाने स्वतःची चूक भर वॉर्डात कबूल केली ती एका रात्रीच्या ओळखीच्या बाईसाठी! या बाईच्या हातचं पोरं उगाच चार-चार वर्षं जेवत नाहीत.

"माझा नंबर घालवलास की गं," पारूबाई स्ट्रेचरवरूनच म्हणाल्या.

"मी थांबलेय ना संगट. दुपारी दोघी जाऊ." अव्वाने चपला काढून खाटेखाली सरकवल्या. मग सृष्टीला जवळ ओढून तिचे विस्कटलेले केस नीट केले. "रडू नगं. बराबर बोललीस."

दुपारी मॅडमनी पुन्हा विचारलं, "आता काही पोटात नाही ना?"

"मला नगा इचारू," अव्वा स्ट्रेचरवर पडल्या पडल्या म्हणाली, "माझ्या पोरीला इचारा."

"काही नाही, मॅडम," सृष्टी ठामपणे म्हणाली. आणि अव्वा आत गेली.