वाकडी रेघ

लालबागच्या त्या रस्त्यासाठी राधाबाई स्वतः मोर्च्यात गेल्या होत्या. गटार तुंबलं की घाण पाणी सरळ त्यांच्या खानावळीत शिरायचं. मग चुलीपाशी विटा मांडायच्या, विटांवर पाय ठेवून भाकऱ्या थापायच्या आणि वर गिरणीतल्या गड्यांची बोलणी ऐकायची. रस्ता उखडून नव्यानं बांधणार आणि खाली मोठं गटार घालून ते मागच्या गल्लीपर्यंत नेणार असं ठरलं, तेव्हा त्यांनी आनंदानं पंगतीला शिरा वाढला होता.

रस्ता मंजूर करून आणला तो रघुवीरनं. तो याच चाळीतला. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात त्याच्या डोक्यात लाठी बसली, तेव्हा राधाबाईंनीच आपला पदर फाडून पट्टी बांधली होती. पुढं म्युनिसिपालटीची निवडणूक आली. त्याच्या प्रचाराची पोरं खानावळीत फुकट जेवली, चाळीनं त्याला डोक्यावर घेतलं आणि रघुवीर मेंबर झाला.

एका रविवारी त्यानं चाळीच्या पटांगणात नकाशा पसरला. दोन्ही बाजूंची सारखी जागा घेऊन रस्ता रुंद करायचा, असं आधी ठरलं होतं. पण नकाशावरची तांबडी रेघ समोरच्या सूतवाल्या शेठच्या गोदामापाशी अंग चोरून वळली होती आणि चाळीचा ओटा, पाण्याचा नळ, खानावळीची पुढची खोली पोटात घेऊन पुढं गेली होती.

"ही रेघ वाकडी का रे?" राधाबाईंनी विचारलं.

"मावशी, गोदाम तोडलं तर शेठला भरपाई द्यावी लागते. तेवढा पैसा मंजूर नाही. तुम्ही भाडेकरू. तुम्हाला भरपाई लागत नाही."

"म्हणजे आम्ही फुकट म्हणून आम्हाला तोडायचं?"

"आणि रस्त्याच्या खर्चातला घरमालकांचा हिस्सा?" गिरणीतला रामू मागून ओरडला. "तो आमच्या भाड्यावरच चढणार ना?"

रघुवीर नकाशाचा कोपरा सरळ करू लागला.

"वा रे मेंबर! घर आमचं मोडणार, आणि मोडायचा खर्चही आम्हीच द्यायचा!" राधाबाई म्हणाल्या.

"मावशी, जरा दमानं घ्या. मुंबई अजून आपल्या हातात यायची आहे. अशा वेळी आपल्यातच भांडणं दिसली तर…"

"मुंबईचं नाव घेऊ नकोस!" राधाबाईंचा आवाज चढला. "लाठी खाल्लीस तेव्हा माझ्या ओट्यावर येऊन पडलास. शेठनं गोदामाचं दार उघडलं होतं का रे तुझ्यासाठी?"

रघुवीर नकाशा गुंडाळून निघून गेला.

आखणी करायला माणसं आली, तेव्हा चाळीतल्या बायका गोदामासमोर रस्त्यात बसल्या होत्या. मागच्या गल्लीतल्याही आल्या. त्यांच्या पुढं होती मालन. ती गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात कामाला होती. तिच्या गल्लीनं नुकतीच बुद्धाची दीक्षा घेतली होती, आणि तेव्हापासून चाळीतली काही माणसं तिच्या गल्लीतून जायची टाळत. तरीही मालन राधाबाईंच्या खांद्याला खांदा लावून बसली. इंजिनियर ओरडला, पोलीस आले, पण बायका हलल्या नाहीत.

महिन्याभरानं रघुवीर हसत आला. "मावशी, जिंकलात! रेघ सरळ केली. शेठची भिंत मागं जाणार. तुमचा ओटा थोडाच जाईल, खोली शाबूत."

"पैसा कुठून आला?"

"केला कुठून तरी."

कुठून, ते संध्याकाळी मालननं सांगितलं. ती दारातच उभी राहिली होती. "आमच्या गल्लीतलं गटार कामातून काढून टाकलं, राधाबाई. आता तुमचं पाणीसुद्धा आमच्याकडंच उतरणार."

राधाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. चूल तशीच सोडून त्या रघुवीरच्या घरी गेल्या.

"मालनचं गटार विकून मला ओटा दिलास?"

"तुम्हीच म्हणालात ना, रेघ सरळ कर! दोन्ही कुठून आणू? आणि ती गल्ली ती केवढी, तिथं मतं…" त्यानं जीभ चावली.

"बोल, बोल. तोंडात आलंय तर ओकून टाक."

"मावशी…"

"माझा ओटा घे. खोली घे. वाकडी रेघ परत काढ, पण तिचं गटार घाल."

"आता ठराव झाला. काही होणार नाही."

खोदाईच्या दिवशी राधाबाई पुन्हा रस्त्यात बसल्या. या खेपेला चाळ आली नाही. "आपलं वाचलं ना? मग आता कशाला?" असं रामूनं तोंडावर विचारलं. राधाबाईंनी त्याला असं काही सुनावलं, की तो पुढं खानावळीत जेवायला आला नाही. सोबत शेजारची कांता होती आणि मालनची सगळी गल्ली. पोलिसांनी त्यांना गाडीत कोंबलं आणि संध्याकाळपर्यंत चौकीत डांबून ठेवलं. परत येतात तो रस्त्यात चर खोदला गेला होता. वाढलेलं भाडं दिवाळीपासून सुरू झालं.

महाराष्ट्र झाला, त्या दिवशी त्याच गुळगुळीत रस्त्यावरून गुलाल उधळत मिरवणूक निघाली. राधाबाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या माणसांनी जीव दिला होता. पण हार घातलेला रघुवीर समोर आला तशी त्यांनी मिरवणुकीत शिरून त्याचं मनगट धरलं.

"चल."

"मावशी, लोक बघतायत!"

"बघू देत."

मागच्या गल्लीत काळं पाणी घोट्यापर्यंत साचलं होतं. मालन उंबऱ्याशी डब्यानं ते उपसत होती. राधाबाईंनी रघुवीरला तिच्या दारासमोर त्या पाण्यात उभं केलं.

"हिला सांग, तुझं राज्य आलं म्हणून."

मालननं त्याच्याकडं पाहिलंही नाही. ती पाणी उपसत राहिली.

पुढच्या वर्षी गटार आलं, तेही अर्ध्या गल्लीपर्यंतच. उरलेल्या अर्ध्यासाठी दर सोमवारी राधाबाई आणि मालन वॉर्डाच्या कचेरीत जाऊन बसायच्या. त्या जिन्यात दिसल्या, की साहेब मागच्या दारानं निघून जायचा.