दोन घरं, तीन दगड

त्रेसष्ट सालच्या चैत्रात आम्हाला सांगलीत एकदम दोन घरं चालून आली आणि माझं तोंड दिवसभर बंद म्हणून राहीना. मला पाचवा महिना होता, पाय सुजायला लागले होते, तरी खणभागातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत मी नुसती इकडून तिकडे येरझारा घालत होते. आमचे हे, म्हणजे आप्पासो, एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर. ते म्हणाले, "आगं, जरा दमानं. पोटातल्या पोराला घेरी यील."

येऊ दे म्हटलं. स्वतःच्या घरापायी येतेय ना.

एक घर विश्रामबागेत, नाथाजी मास्तरांचं. मास्तर नोकरीतून मोकळे झाले होते आणि मुलाकडे फलटणला राहायला चालले होते. दुसरं घर सांगलवाडीत, पूल ओलांडला की नदीच्या अंगाला. ते रंगुबाई नावाच्या एकट्या म्हातारीचं. तिला तिची लेक तासगावला बोलावत होती. दोन्ही वस्त्या सांगलीला चिकटलेल्या, एक उगवतीला, एक मावळतीला. मास्तरांनी निरोप दिला होता की आज दिवस मावळायच्या आत होय की नाही ते सांगा, मिरजेचं एक गिऱ्हाईक हटूनच बसलं आहे.

आता माझी एवढी घाई का, ते सांगते. आम्ही आटपाडीकडची धनगर माणसं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखाकडे निघायचं, पावसाळ्याच्या तोंडाला परत फिरायचं. माझा जन्म असाच वाटेवरचा. कराडच्या खाली कुणाच्या तरी हरभऱ्याच्या रानात आई बाळंत झाली, आणि दुसऱ्या दिवशी मला टोपलीत घालून, टोपली घोड्यावर बांधून सगळे पुढच्या तळाला लागले. ही गोष्ट आमच्यात कौतुकानं सांगतात. मला ऐकली की संताप यायचा. आईला एक दिवस तरी पडून राहू द्यायचं होतं. म्हणून माझा हट्ट एकच होता. श्रावणात माझं पोर होईल ते स्वतःच्या चार भिंतींत होईल, आणि तिथून आम्हाला कुणी उठवायचं नाही. बाकी फरशी, कौलं, खिडक्या कशाही असोत.

घर बघायला माझे सासरे, ज्योतिबा, गावाहून मुद्दाम आले होते. मेंढरं थोरल्या दिरांच्या हवाली करून, लाल पागोटं बांधून, पिठाची पिशवी खांद्याला लावून पहाटेच्या गाडीनं उतरले. पीठ कशाला, असं ह्यांनी विचारलं तर म्हणाले, "भाकरी भाजल्याबिगर जागा कशी कळंल रं?"

ही आमच्या घरची रीत. नव्या तळावर गेलं की सामान उतरवायच्या आधी तीन दगड मांडून चूल पेटवायची, एक भाकरी भाजायची, सगळ्यांनी तुकडा मोडायचा. गोड लागली तर मुक्काम. नाहीतर कर्त्या माणसानं पायानं दगड पाडायचे आणि पुढे चालू पडायचं. चूल उभी ठेवून निघायचं नाही, मन मागं राहतं म्हणतात. आमचे हे फिटर झाले, पॅन्ट घालायला लागले, तरी ह्या बाबतीत त्यांची बापापुढे मान वर होत नसे.

सकाळी आम्ही टांग्यानं विश्रामबागेत गेलो. मास्तरांचं घर छोटं, पण विटांचं, कोरडं खणखणीत. पुढे अंगण, मागे शेवग्याचं झाड, स्वयंपाकघरात कडप्पा. मला तिथंच हसू फुटलं. मास्तर एकेक खोली दाखवत असताना मामंजी अंगणात दगड शोधत होते. त्यांनी चूल मांडली तसे मास्तर धावत बाहेर आले.

"अहो, आत स्टो आहे. पेटवून देऊ का?"

"नगं. तुमचं चालू द्या," मामंजी म्हणाले आणि काटक्यांना काडी लावली.

मी भाकरी थापली. शेजारच्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं असणार, कसली तरी पूजा आहे. भाकरी चांगली टम्म फुगली. तेवढ्यात मामंजी हात धुवायला नळाशी गेले. नळ फिरवला तर नुसता फुसफुसला.

"पाणी कवा येतं?"

"पहाटे येतं थोडा वेळ," मास्तर म्हणाले. "भरून ठेवावं लागतं."

मामंजींनी नळाकडे असं बघितलं की नळालाच लाज वाटावी. भाकरीचा तुकडा त्यांनी खाल्ला. मग उठले, वहाण घातली आणि पायानं तिन्ही दगड पाडले. हे मास्तरांना म्हणाले, "संध्याकाळपातूर सांगतो." मास्तर बिचारे पडलेल्या दगडांकडे बघत उभे होते.

दुपारी पूल ओलांडून सांगलवाडीला गेलो. आणि खरं सांगते, मास्तरांचं घर मी तिथं पोचताच विसरले. रंगुबाईच्या अंगणात आड होता, आणि भर चैत्रात त्याचं पाणी इतकं वर होतं की वाकून तांब्या बुडवता येत होता. आमच्याकडे चैत्रात एका घागरीसाठी बाया अर्धा दिवस उन्हात चालतात. मी आडाच्या काठावर बसले आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. काढवेना. मामंजींनी तर पागोटं काढून डोक्यावर बादली ओतून घेतली. मग दुसरी. मग तिसरी. सत्तरीचा माणूस, पण त्यांचा चेहरा असा उजळलेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

"आप्पा, ह्येच घर," ते ओल्या अंगानंच म्हणाले. "दुसरं बघायचं न्हाई."

आम्ही घर बघितलं ते त्याच धुंदीत. भिंतीला छातीइतक्या उंचीवर सरळ रेघ होती, खाली एक रंग, वर एक. म्हटलं, म्हातारी हौशी दिसते. जातं आणि पिठाचे डबे वर आढ्याजवळच्या फळीवर चढवलेले. मामंजी म्हणाले, उंदरं असतील. दाराच्या चौकटीत हातभर उंचीवर लोखंडी कडी होती, ती बघून ते आणखी खूश झाले, म्हणाले, घोडं बांधाय झाली. अंगणात गुळाची एक मोठी काहील पालथी पडली होती. ऊस नाही, गुऱ्हाळ नाही, मग काहील कशाला, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. रंगुबाई दारात बसून आमची गडबड बघत होती आणि मधूनमधून मान हलवत होती.

मामंजींनी आडाशेजारीच दगड मांडले. मी पहिली भाकरी तव्यावर टाकली. दुसरीच्या पिठात घालायला मीठ हवं होतं म्हणून आत गेले आणि देवळीत हात घातला. देवळी माझ्या छातीएवढी उंच. हाताला मिठाऐवजी वाळलेला गाळ लागला, आणि गाळात एक शिंपला.

मी तो तळहातावर घेऊन बाहेर आले. "रंगुबाई, ह्यो देवळीत कुनी ठेवला?"

"ठेवतंय कोन," ती म्हणाली. "नदीनं आनला."

मी शिंपला उलटा करून बघितला.

"आवं, तुमास्नी ठावं न्हाई व्हय?" म्हातारी खरंच चकित झाली होती. "मला वाटलं, इचारून आलायसा. भितीवरची रेघ दिसली न्हवं? तितपातूर येतं. दर साली न्हाई, पर येतं तवा सरावनात येतं. ही काहील त्यापायीच. म्हातारी मानसं आनि पोरं काहिलीत घालायची, दाराच्या कडीला बांदलेली दोरी सोडायची नि पुलाकडं जायाचं. आठ-धा दिस बिऱ्हाड तिकडं. मग येऊन गाळ काढायचा."

मला वाटलं, मामंजी आता दगड पाडणार. पण त्यांचे डोळे आणखी मोठे झाले.

"नदी घरात येती?" त्यांनी हळूच विचारलं.

"येती की."

"आप्पा, ऐकलास का? आपुन जनमभर पान्यामागं चाललो. हितं पानी आपल्या मागं येतंय." आणि ते हसायला लागले, लहान पोरासारखे. हेही हसले. वर म्हणाले, "आठ दिसाचा तर परश्न हाय. जाऊ की पुलाकडं."

तिथं माझं डोकं फिरलं. ते दोघं हसत होते आणि मला माझी टोपली दिसत होती, घोड्यावर बांधलेली. फरक एवढाच, की आता घोड्याच्या जागी काहील.

मी तव्यावरची भाकरी उतरवून पदरात घेतली. चुलीतलं एक जळतं लाकूड उचललं आणि त्यानं पहिला दगड ढकलला. मग दुसरा. मग तिसरा. निखारे अंगणभर पसरले. सासऱ्यानं मांडलेली चूल सुनेनं पाडायची, हे आमच्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. ह्यांचं हसू तोंडातच राहिलं.

"मामंजी," मी म्हटलं, "सरावनात मी बाळंत व्हनार हाय."

रंगुबाईनं निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. मामंजींच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. त्यांनी ते हातानं पुसलं, पागोटं उचललं आणि मांडीवर घेऊन बसले.

"आप्पा झाला तवा तुज्या सासूनं येक दिस मागितला हुता," ते म्हणाले. "म्हनली, आजच्या दिस नगं उठवू. तळावरलं पानी आटलं हुतं. मी दगूड पाडलं." मग त्यांनी पागोटं बांधायला घेतलं. "टांगा बघ रं आप्पा. दिस मावळाय आला."

परतीच्या वाटेवर माझा जीव घोड्याच्या पायात होता. पुलावर बैलगाड्यांची रांग लागलेली. मी टांगेवाल्याला इतकं टोचलं की शेवटी तो म्हणाला, बाई, तुमीच हाका. विश्रामबागेत पोचलो तर मास्तरांच्या ओसरीवर पांढरी टोपी घातलेला एक माणूस चहा पीत बसला होता. मिरजेचं गिऱ्हाईक.

मामंजी टांग्यातून उतरले ते कुणाकडे न बघता सरळ अंगणात गेले. सकाळी पाडलेले दगड तिथंच होते. ते खाली बसले, एकेक दगड उचलून जागेवर ठेवला, हलतो का ते बघितलं, आणि बुडाला माती दाबून पक्का केला. तळावरच्या दगडांना आम्ही माती कधी लावत नाही.

"हे कोण?" मिरजेच्या माणसानं विचारलं.

मास्तरांनी चष्मा वर केला. चुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली.

"घराचे मालक," मास्तर म्हणाले.

सांगलवाडीची अर्धी कच्ची भाकरी मी त्या चुलीवर पुरी भाजली. मास्तरांनी तुकडा मोडला, आणि मिरजेच्या माणसालाही दिला. त्यानं तो मुकाट्यानं खाल्ला.

श्रावणात मला मुलगी झाली, मधल्या खोलीत. बाहेर पाऊस कोसळत होता. मामंजी गावाहून आले होते आणि पहाट व्हायच्या आत नळाखाली बादली लावून बसायचे. नळ फुसफुसला की म्हणायचे, "आला बघ पावना." पोरीचं पहिलं न्हाणं त्यांनी भरलेल्या पाण्याचं झालं. ते अंगणातल्या त्याच तीन दगडांवर तापवलं, वर पोतं धरून.

बाराव्या दिवशी ते गावी निघाले. चुलीजवळून जाताना पायातली वहाण त्यांनी काढून हातात घेतली, दगडांना वहाण लागू नये म्हणून.