सगुणाबायचा संघ

रत्नागिरीतल्या मुलींच्या शाळेत सगुणा पहिल्यांदा गेली ती शिकायला नव्हे आणि शिकवायलाही नव्हे. घरोघर जाऊन मुलींना बोलवायचं, शाळेत पोचवायचं आणि शाळा सुटली की घरी सोडायचं, एवढंच तिचं काम. ड्रिलला मास्तर होते, पण त्यांना दमा. ते खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "सगुणे, जरा पोरींना खो-खो खेळव."

हे 'जरा' आठ वर्षं चाललं. खांबाला वळायचं कसं ते मुलींना तिनं दाखवलं. "मुलीच्या जातीला पळून काय करायचंय?" म्हणणाऱ्या आयांच्या ओटीवर बसून परवानग्या तिनंच आणल्या. चिपळूणच्या मुलींना शाळेनं दोनदा हरवलं आणि दोन्ही वेळा हार मास्तरांच्या गळ्यात पडला. सगुणाला त्याचं काही वाटलं नाही. मास्तर थकले होते. आज ना उद्या जागा रिकामी होणार होती, आणि मग संघ आपलाच, असं ती धरून चालली होती.

चौतीस साली मास्तर निवृत्त झाले. मुख्याध्यापिका मालिनीबाईंनी सगुणाचं नाव सुचवलं. कमिटीचे अध्यक्ष लिमये वकील यांनी ते बाजूला सारलं आणि बडोद्याहून शिकून आलेल्या दत्तात्रेय मास्तरांना नेमलं.

"तुझं काही जात नाही," वकील तिला म्हणाले. "तू आहेस तिथेच आहेस. नव्या मास्तरांच्या हाताखाली राहा."

"आठ वर्सं हाताखालीच व्हते, वकीलसाहेब."

"मग सवय आहेच की तुला."

सगुणा घरी आली ती परत शाळेत गेली नाही.

नवा मास्तर वाईट निघाला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण बाजारात जाताना तिनं कुंपणावरून पाहिलं, तो मुलींना छान शिकवत होता. झेप कशी घ्यायची, पडायचं कसं, हे तिला स्वतःलाही येत नव्हतं. घरी येऊन तिनं ते नवऱ्याला सांगितलं.

"मग भांडण कशाचं?" भागोजीनं विचारलं.

"तो चांगला हाय म्हणून मी घरात बसू काय? मला संघ पायजे. माजा सवताचा."

भात कापून झालं तसं भागोजीनं खालच्या शेतातलं धसकट काढलं, खळ्यासाठी चोपतात तशी जमीन चोपली, आणि दोन टोकांना दोन खांब पुरले.

खेळायला बायका आणायच्या कुठून? सगुणा पहिल्यांदा गेली तुळसाकडे. तुळसा गवताचे भारे विकायची.

"तीन पोरांची आय मी. मला पळवतेस?" तुळसा म्हणाली.

"म्हशीच्या मागं धावतेस ती?"

"म्हस दूध देते गो."

तरी ती आली. नवऱ्यानं टाकलेली काशी आली. सगुणाच्या हाताखाली खेळून लग्न झालेल्या दोघीजणी सासूला विचारून आल्या, एक न विचारता आली. दुपारची कामं उरकून सगळ्या शेतात जमायच्या. बांधावर उभे राहून पुरुष हसायचे. काही दिवसांनी हसण्याचा कंटाळा आला तसे आपापल्या कामाला गेले.

संघ पुरा झाल्यावर सगुणानं मालिनीबाईंकडे शाळेशी सामना मागितला.

"भारे विकणाऱ्या बायकांशी आमच्या मुली खेळणार?" लिमये वकील म्हणाले.

"मुलींना सरावाला कुणीतरी हवंच," दत्तात्रेय मास्तर म्हणाला. "मला चालेल."

मालिनीबाईंनी लगेच दिवस ठरवला. वकिलांनी शाळेचं मैदान दिलं नाही, म्हणून सामना पौषात सगुणाच्या शेतात झाला.

पहिल्या डावातच शाळा पुढे गेली. मुली चपळ होत्या. तुळसाचं लुगडं गुडघ्यावर फाटलं. काशी खांबाला वळताना घसरली आणि स्वतःच हसत बसली. मधल्या सुट्टीत वकील सगुणाला बाजूला घेऊन गेले. सगळा गाव बघत होता.

"झाली तेवढी शोभा पुरे," ते म्हणाले. "हे बंद कर. सहायक शिक्षिका म्हणून तुला घेतो. कागदावर नाव राहील."

पावसाळ्यापूर्वी हेच कुणी म्हटलं असतं तर सगुणानं त्यांचे पाय धरले असते. तिनं शेताकडे पाहिलं. बायका रांगेत बसल्या होत्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे.

"सगुणाबाय," काशी ओरडली, "बसू का उठू आमी?"

"बसा. डाव उरलाय," सगुणा म्हणाली, आणि वकिलांकडे वळली. "सहायक ऱ्हाऊन झालंय माजं. आता संघ हाय मला."

दुसऱ्या डावात बायका जिवावर उदार होऊन खेळल्या, पण शाळाच जिंकली. वकील जाता जाता थांबले.

"शेवटी हरलीसच ना?"

"माजा संघ हरला," सगुणा म्हणाली. "फुडल्या पौषात परत आना पोरींना. जागा हीच."

मग त्यांच्याकडे पाठ करून ती धापा टाकणाऱ्या तुळसापाशी गेली.

"तुळशे, खो मिळायच्या आदी उठतेस तू. उद्या पयलं त्येच बगू."