थॅडची चूक

"रेडिओ बंद कर, ओरा," थॅड मला म्हणाला.

"का म्हणून? तुझे साहेब अजून किती थापा मारतात ते ऐकू दे की मला!"

बक हॅलिडे न्यूयॉर्कहून बोलत होता. 'वुडलँड हॉप' ही त्याच्या बँडची गाजलेली धून. तिच्यात सगळी वाद्यं एकदम गप्प होतात, लोकांना वाटतं संपलं, आणि मग एकटा ट्रॉम्बोन, ओठांनी फुंकायचं ते लांब पितळी वाद्य, पुन्हा सुरू होतो. ही युक्ती म्हणे त्याला अंघोळ करताना सुचली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सुचली कसली! मी होते ना तिथे. कॅन्सस सिटीत तेव्हा सोमवारी सकाळी नाच असायचे. हॉटेलांत रात्रपाळी केलेली आमची काळी माणसं कामावरून थेट तिथे यायची. बकच्या बँडमध्ये सुरावटीचे कागद नसायचे, सगळं डोक्यात. एकाने दोन ओळी वाजवायच्या, बाकीच्यांनी त्या उचलायच्या आणि बकने मूठ वर केली की थांबायचं. त्या सकाळी मूठ वर झाली, सगळे थांबले, आणि माझा नवरा थॅड, तिसरा ट्रॉम्बोनवाला, डोळे मिटून वाजवतच राहिला. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. मग रूफस ड्रमवाल्याने त्याला साथ धरली, मागोमाग बँड उसळला आणि लोक असे नाचले की खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याचा आरसा खिळ्यावरून पडला. बकने थॅडला सगळ्यांदेखत झापलं. पुढच्या नाचाला लोकांनी तीच चूक मागून घेतली. आता देशभरचे बँड ती तालीम करून करतात.

बक रूफसला घेऊन न्यूयॉर्कला गेला. थॅडची आई अंथरुणाला खिळलेली, तो मागे राहिला आणि मांसाच्या कारखान्यात लागला. पुढे त्याचे दात गेले. कवळीवर ट्रॉम्बोन वाजत नाही.

त्या वसंतात बक गावात आला. रविवारी दुपारी आमच्या लोकांसाठी नाच ठेवला होता.

"मी येऊन काय करू? कवळी दाखवू?" थॅड म्हणाला.

"त्याला तुझं नाव घ्यायला लाव. एकदाच, गावासमोर."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर मी घेईन."

"घेशील! म्हणूनच यायचं नाही मला."

पण आला. निळा सूट, बूट आरशासारखे. आमच्या टेबलावर शेजारीण आयडा मे बसली होती.

"काय रे थॅडियस, आज तुझी चूक कोण करणार?"

"बकने पगारी माणूस ठेवलाय त्यासाठी," थॅड म्हणाला, आणि टेबल हसलं.

बक माईकपाशी आला. "आता ती धून, जी मला एकदा अंघोळ करताना..."

"तू अंघोळ कधी केलीस रे, बक?" मागून कोणीतरी ओरडलं. हॉल खदखदला. बकने आमच्या टेबलाकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. मी उठायला लागले तर थॅडने मनगट धरलं.

"बस, ओरा. वाजवू दे त्यांना."

धून सुरू झाली, लोक नाचू लागले. बकची मूठ वर गेली, बँड थांबला. त्याचा ट्रॉम्बोनवाला उभा राहून एकटा वाजवू लागला. एरवी धुनीत इथे आलं की लोक उड्या मारतात. त्या दिवशी एकही पाय हलला नाही. सगळी जोडपी जिथल्या तिथे उभी राहिली, आमच्या टेबलाकडे तोंड करून. ड्रमवर रूफसच होता. बकने त्याला दोनदा खुणावलं. रूफसने काठ्या मांडीवर ठेवल्या. ट्रॉम्बोनवाला त्याच ओळी पुन्हा पुन्हा वाजवत राहिला.

मी त्याचं नाव घ्यायला आले होते, पण आता ते घ्यायची गरजच उरली नव्हती.

थॅडने ग्लास खाली ठेवला, सूटची बटणं लावली आणि माझ्यापुढे हात केला.

"चल. तो बिचारा एकटा किती वेळ वाजवेल?"

लोकांनी वाट दिली. आम्ही मधोमध गेलो. थॅडने डोळे मिटले, पहिलं पाऊल टाकलं आणि रूफसने काठ्या उचलल्या.